खोकडाशी तो अडखळत नाही

या आठवड्याचं पत्र इंदापूर तालुक्यातल्या एका आईचं आहे. नाव-गाव देऊ नका म्हणाल्यात, म्हणून थोडं लहान करून देतेय. खोकड म्हणजे माळावरचं कोल्ह्यासारखं, पण त्याहून लहान जंगली जनावर.

"ताई, मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, खोली परवडेना म्हणून गेल्या जूनपासून मी आणि लेक माझ्या माहेरी आलोय. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, झेडपीच्या शाळेत. तो पहिल्यापासून अडखळत बोलतो पण इथं आल्यापासून फारच वाढलंय. पोरं नक्कल करतात, तोतऱ्या म्हणतात, त्यामुळे आता तो बोलायचंच टाळतो. दिवाळीच्या सुट्टीत घरामागच्या माळावर त्याला एक खोकड दिसलं, तेव्हापासून रोज संध्याकाळी भाकरी घेऊन जातो. आता ते खोकड त्याची वाट बघत बसलेलं असतं. मागच्या आठवड्यात तर हातातून भाकरी घेतली म्हणे, दात लागला नाही असं तो सांगतो. माझी आई मागनं बघायला गेली तर हा त्याच्याशी घडाघडा बोलत होता, शाळेतलं, पप्पांचं, सगळं, एकदाही न अडखळता. आई घरी येऊन रडायलाच लागली. भाऊ म्हणतो कुत्री सोडतो नाहीतर फटाके लावून हाकलतो, उद्या चावलं तर कोण बघणार. शेजारचे एक जण म्हणतात पिंजरा लावून धरून देतो, दारात बांधा, पोरगं खूश राहील. लेक एवढंच म्हणाला, बांधू नका पण हाकलूही नका. मिस्टरांचा रात्री फोन येतो तर हा नुसतं हं हं करतो आणि फोन माझ्याकडे देतो, त्यांना वाटतं पोरगं रुसलंय. आई त्याला वेखंड उगाळून चाटवते. वर्गातली एक मुलगी तेवढी रोज विचारते, तुझं खोकड आलं का काल, तर तो मान हलवतो. मी त्याला जाऊ देऊ का बंद करू? बंद केलं तर तो कायमचा गप्प होईल अशी भीती वाटते."

ताई, आधी सगळ्यात घाईचं सांगते, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. उद्या सकाळी लेकाला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. का, तर हातातून भाकरी घेतलीय. नुसतं खायला घातलं किंवा धड कातडीला जीभ लागली तर रेबीजची लस लागत नाही, पण ओरखडा, दात लागलेला, किंवा आधीच्या खरचटलेल्या जागी लाळ लागली तर लागते, आणि जंगली जनावराचा चावा तर आपल्याकडे सगळ्यात गंभीर श्रेणीतच धरतात, त्यात लसीबरोबर जखमेत सीरमही देतात. नऊ वर्षांचं पोर दात लागला नाही म्हणतं तेव्हा ते खरंही असेल, किंवा सांगितलं तर माळावर जाणं बंद होईल या भीतीनेही म्हणत असेल. म्हणून त्याला विचारताना आवाज चढवू नका. "तुला रागवणार नाही, खोकडालाही कोणी काही करणार नाही, फक्त खरं सांग" असं म्हणा, हात-पाय उजेडात नीट बघा आणि निर्णय डॉक्टरांवर सोडा. लस द्यायची ठरली तर सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते, साधारण पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी असं वेळापत्रक असतं, मधला एकही डोस चुकवायचा नाही. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास वाचतच नाही, आणि वेळेत लस घेतली तर तो टाळता येतो, इतका सरळ हिशोब आहे. अजून एक, पुढे कधीही असं काही झालं, खोकड सोडा, गावातलं कुत्रं असो की मांजर, तर आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही, आणि तडक दवाखाना. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, लेकालाही. मुलं चावा लपवतात ते बोलणी बसतील म्हणून, त्यामुळे तुमच्या घरात चावा सांगितला तर बोलणी बसत नाहीत हे त्याला पक्कं माहीत पाहिजे.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर येते. बंद करू नका. पण आहे तसं चालूही ठेवू नका. त्यातलं खाणं आणि हात लावणं जाऊ द्या, बघणं आणि बोलणं राहू द्या. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते तुमच्या भावाच्याही गळी उतरलं पाहिजे आणि लेकाच्याही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी भावाचं. त्याची काळजी खोटी नाहीये, त्याला वेड्यात काढू नका. फक्त त्याला सांगा की हे खोकड आहे, लांडगा नाही. मोठं झालेलं खोकड दोन-तीन किलोचं, म्हणजे मांजराएवढंच, शेपटीचं टोक काळं, कान मोठे, पाय काडीसारखे. ते माणसावर चालून जात नाही, त्याचं पोट उंदीर, भुंगेरे, वाळवी, सरडे, जमिनीवर घातलेली पक्ष्यांची अंडी, बोरं असल्यावर भरतं. तुमच्या भावाच्या रानात ज्वारी-मका असेल तर उंदरं मारणारं फुकटचं गडी माणूस आहे ते. आणि कुत्री सोडली तर उलटंच संकट घरात येईल. गावातल्या कुत्र्यांना रेबीज असू शकतो, डिस्टेंपर नावाचा कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा आजार असू शकतो, खोकडाला ते बहुतेकदा कुत्र्यांकडूनच लागतं, एकदा झटापट झाली की कुत्रं जखमी होऊन घरात येणार आणि पोराच्या अंगाखांद्यावर खेळणार. फटाके लावून ते चार दिवस लांब जाईल, परत येईल. लेकाला मात्र एवढंच कळेल की माझं एकच माणूस होतं तेही घरच्यांनी हाकललं. माणूस म्हणतेय मी, कारण त्याच्या लेखी ते माणूसच आहे.

शेजाऱ्यांना मात्र स्पष्ट नाही म्हणा. खोकड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, त्याला धरणं, पिंजऱ्यात ठेवणं, दारात बांधणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी नाहीच म्हणाले असते. रात्री कित्येक किलोमीटर फिरणारं जनावर साखळीला बांधलं तर ते दिवसभर गोल फिरत बसतं, खाणं सोडतं, घाबरून चावतं. आणि तुमच्या लेकाने स्वतःच सांगितलंय ना, बांधू नका पण हाकलूही नका. नऊ वर्षांच्या मुलाला जे कळलंय ते फार मोठ्यांना कळत नाही. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यात आरिफ नावाच्या एका तरुणाला २०२२ मध्ये शेतात जखमी सारस सापडला होता, त्याने त्याचा पाय बरा केला, पक्षी मोकळा असूनही त्याच्याच मागे मागे उडत राहिला, मोटरसायकलच्या बरोबरीने उडणाऱ्या सारसाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मार्च २०२३ मध्ये वनविभागाने तो पक्षी नेला, आधी अभयारण्यात, मग कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात, आणि आरिफवर केस. प्रेमात खोट नव्हती हो, कुणीच म्हणणार नाही होती. पण शेवटी पक्षी पिंजऱ्यात आणि माणूस पिंजऱ्याबाहेर. जंगली जनावर माणसाला इतकं सरावलं की त्याचं पुढे काय करायचं हा प्रश्न कुणालाच नीट सुटत नाही, म्हणून तिथवर जाऊच द्यायचं नाही.

यातूनच भाकरीचं येतं. तुमच्या लेकाला वाटतं मी त्याला खायला देतो म्हणून ते येतं, आणि खायला देतो म्हणजे मी चांगलं करतो. त्याला खरं सांगावं लागेल आणि ते जरा दुखेल. खोकडाला भाकरीची गरज नाही. भाकरीमुळे त्याला एक गोष्ट शिकायला मिळते, की माणूस म्हणजे खाणं. तुमच्या लेकाचा हात आणि दुसऱ्याचा हात यातला फरक त्याला कळेलच असं नाही, ते उद्या रस्त्याकडेच्या ढाब्यापाशी जाईल, दुसऱ्या कुणाच्या पोरापाशी जाईल, तिथे काठी बसेल, किंवा गाडीखाली येईल. भाकरीच्या वासाने कुत्रीही त्याच जागी यायला लागतात. हे सगळं मुलाला भीती घालून नाही, त्याच्या मित्राच्या काळजीने सांगायचं. म्हणजे असं बघा: "तू त्याचा मित्र आहेस ना, मग ते सगळ्या माणसांना घाबरलं पाहिजे, आपल्यालाही थोडं, म्हणजे ते जगेल." मुलांना हे कळतं. मोठ्यांना वाटतं त्यापेक्षा खूप लवकर कळतं.

थांबवायचं कसं, तर रोज थोडी थोडी भाकरी कमी असलं काही करू नका, एकदाच थांबवा. पहिले काही दिवस ते येईल, बघेल, वास घेईल, जाईल. लेक रडेल कदाचित. त्या दिवसांत त्याला एकट्याला पाठवू नका, तुम्ही किंवा आजी बरोबर जा. आणि जागा बदला, जिथे खायला घालायचा तिथून बरंच मागे, बांधावर किंवा एखाद्या दगडावर बसायचं, वारा खोकडाकडून आपल्याकडे येईल असं. खोकड जवळ आलं तर आपण उठून शांतपणे मागे सरकायचं. बास. हेच नवीन नियम, आणि ते लेकाच्याच अक्षरात वहीत लिहून घ्या, त्याने पाळायचे म्हणजे त्यानेच लिहायचे.

बघायला खूप आहे ताई, हे तुम्ही जन्मापासून तिथल्या असाल तर तुम्हालाच माहितीय. दिवस कलताना खोकड बाहेर येतं, थांबतं, एक कान पुढे एक मागे असे कान फिरवत राहतं, मग एकदम मान तिरकी करून गवतात रोखून बघतं, पुढचा एक पाय उचललेलाच राहतो, आणि उंच उडी मारून दोन्ही पंजे एकाच जागी आपटतं. आत उंदीर असतो, किंवा नसतो, निम्म्या वेळा तोंडात नुसती काडी येते आणि ते तसंच उभं राहतं. हे बघायला भाकरी लागत नाही. उलट भाकरी दाखवली की हे काहीच दिसत नाही, दिसतं ते फक्त हाताकडे बघणारं जनावर. लेकाला सांगा, आतापर्यंत तू त्याला जेवताना पाहिलंस, आता काम करताना बघ.

आणि आत्ताचा काळ महत्त्वाचा आहे. खोकडांची जोडी थंडीत जमते, पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतात, बिळाला बरीच तोंडं असतात आणि नर-मादी दोघं मिळून पिल्लं सांभाळतात. म्हणजे त्याच्या मित्राला आत्ता घरी बायको किंवा नवरा आणि तान्ही पोरं असण्याची पूर्ण शक्यता आहे. ते रोज त्याच वेळेला यायचं बंद होईल. हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्याला ती फारकत वाटणार नाही, संसार वाटेल. बीळ सापडलं तर कितीही मोह झाला तरी जवळ जायचं नाही, काठी घालून बघायचं नाही, कुणाला दाखवायचं तर मुळीच नाही, कारण माणसाची ये-जा वाढली की ती पिल्लं उचलून दुसरीकडे नेतात आणि त्या धावपळीत पिल्लं मरतात. आणि एक कठीण गोष्टही, ताई. एक दिवस ते येणारच नाही. गाडी, कुत्री, आजार, काहीही. त्या दिवशी "गेलं असेल लांब फिरायला" असं खोटं सांगू नका, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, मेलेलं दिसलं तर मेलं म्हणा आणि त्याच्याबरोबर बसा.

सुरक्षेचं पटकन: एकट्याने नाही, चप्पल नाही बूट, हातात टॉर्च, आणि अंधार पडायच्या आत घरात. तुमच्याकडे माळावर फुरसं, घोणस असतात आणि उसाच्या पट्ट्यात बिबट्याही आहे, सहा वर्षांचं की नऊ वर्षांचं हे तो विचारत नाही. खोकड कधी झोकांड्या खाताना, लाळ गाळताना, भर दुपारी कशालाही न घाबरता अंगावर येताना दिसलं तर लांब व्हायचं आणि वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा. जखमी दिसलं तरी तेच, आपण उचलायचं नाही.

आता ज्याच्यासाठी मी खरं तर एवढं लांब लिहितेय ते.

तुमच्या आई रडल्या ते मला समजतं, पण त्यांनी जे ऐकलं ती तुम्हाला मिळालेली सगळ्यात मोठी माहिती आहे. लेक घडाघडा बोलू शकतो. अडखळणाऱ्या मुलांचं हे असंच असतं, एकटी असताना, प्राण्यांशी, तान्ह्या बाळाशी बोलताना, गाताना, सगळ्यांबरोबर एका सुरात कविता म्हणताना ती बहुतेक वेळा अडखळत नाहीत. जीभ तीच, गळा तोच. अडतं ते समोरचा वाट बघतोय, हसणार आहे, वाक्य पुरं करणार आहे, याचं दडपण आलं की. खोकड शब्द कधी बाहेर पडतोय याची वाट बघत नाही, घाई करत नाही, चेहरा पाडत नाही. म्हणून तुमच्या लेकाने मित्र निवडलाय तो फार विचार करून निवडलाय असं मला वाटतं.

यात तुमची चूक नाही, माहेरी आलात म्हणून नाही, लहानपणी कुणी दचकवलं म्हणूनही नाही. अडखळणं हे बरंचसं मेंदूच्या जडणघडणीतून आणि घराण्यातून येतं, लहानपणी शंभरातल्या साधारण पाच मुलांना कधी ना कधी होतं, त्यातली बरीचशी आपोआप सुटतात. नवव्या वर्षीही आहे आणि वाढतंय म्हणजे मात्र आता वाट बघत बसायची नाही. आजींना सांगा वेखंड बंद करा, त्यांची माया कळते पण त्याने बोलणं सुटत नाही. जिभेखालची तार कापून आणा असंही कुणीतरी सांगेल, तेही अडखळण्यावर औषध नाही. यावर काम करतात ते स्पीच थेरपिस्ट. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक झेडपीच्या शाळांत तपासणीला येतं, त्यांना तुमच्या लेकाचं आवर्जून दाखवा, ते जिल्ह्याच्या ठिकाणी पुढे पाठवतात. उद्या आरोग्य केंद्रात जाणारच आहात, तिथेच विचारा पथक शाळेत कधी येणार आहे. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाचा आणि श्रवण दोन्हीचं काम चालतं तिथे. आणि अडखळणाऱ्या लोकांनीच चालवलेली द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन आहे, त्यांचे गट ऑनलाइनही भेटतात, तुम्ही आणि मिस्टर दोघं एकदा ऐका तिथल्या मोठ्या माणसांना बोलताना. अडखळत नोकऱ्या करतात, संसार करतात, भाषणं करतात ती माणसं. थेरपी म्हणजे अडखळणं शंभर टक्के गेलंच पाहिजे असंही नाही, अडखळत का होईना पण तो बोलला पाहिजे, गप्प बसणं हे जास्त वाईट.

घरात एवढं करा. तो बोलताना "सावकाश बोल", "श्वास घे", "परत म्हण" हे शब्द बंद. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही, कितीही वेळ लागला तरी. मोबाईल, भाकरीचं पीठ, जे हातात असेल ते ठेवून त्याच्याकडे बघायचं, आणि तो काय म्हणतोय त्याचं उत्तर द्यायचं, कसं म्हणतोय त्याचं नाही. तुम्ही स्वतः जरा सावकाश बोलायचं, त्याला तसं करायला सांगायचं नाही. रोज थोडा वेळ फक्त त्याचा, त्यात भाऊ, आजी, टीव्ही कुणी नाही. माळावर बसता तो वेळ यासाठी उत्तम आहे, तुम्ही बाजूला बसा आणि तो खोकडाला उद्देशून बोलत असेल तर बोलू द्या, तुम्ही फक्त ऐका. हळूहळू तो मधेच तुम्हाला काहीतरी विचारेल. त्यावर "बघ किती छान बोललास" असं चुकूनही म्हणू नका, नाहीतर परत सगळं लक्ष जिभेवर जाईल. जे विचारलं त्याचं उत्तर द्या, एवढंच.

मिस्टरांना सांगा पोरगं रुसलेलं नाही. फोन हा अडखळणाऱ्यांसाठी सगळ्यात अवघड प्रकार, समोरचा दिसत नाही, शांतता झाली की तिकडून "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" सुरू होतं आणि आणखीच अडतं. त्याऐवजी व्हॉइस नोट. माळावरून आल्यावर लेकाने मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसायचं आणि आज खोकडाने काय केलं ते पप्पांना रेकॉर्ड करून पाठवायचं, नको वाटलं तर पुसून परत करायचं, कुणी वाट बघत नाही. आणि मिस्टरांनी पण व्हॉइस नोटनेच उत्तर द्यायचं, त्यात खोकडाबद्दल खरे प्रश्न विचारायचे, बिळाला तोंडं किती, शेपटी वर धरतं का खाली, अभ्यास केला का हा प्रश्न त्यात नको. चाकणच्या खोलीवर रात्रपाळी करून आलेल्या बापाला सुद्धा ते ऐकून बरं वाटेल हो, त्याचंही एकटेपण आहेच की यात.

शाळेत तुम्ही स्वतः जाऊन बाईंना किंवा गुरुजींना भेटा, मुलासमोर नाही, शाळा सुटल्यावर. त्यांना सांगा की उभं करून एकट्याने वाचायला लावू नका सध्या, दोघा-तिघांना एकत्र वाचायला लावा, हजेरीला बोलण्याऐवजी हात वर केला तरी चालू द्या, आणि नक्कल करणाऱ्या पोरांशी त्यांनी बोलावं, पण तुमच्या लेकाला वर्गापुढे उभं करून "याला चिडवू नका" असं नको, त्याने उलट होतं. आणि त्यांना हेही सांगा की या मुलाला खोकडाबद्दल वर्गात कुणालाच नसेल इतकं माहीत आहे. चांगला शिक्षक असेल तर त्याला पुढचं सांगावं लागणार नाही.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय. वर्गातली एक मुलगी रोज विचारते, तुझं खोकड आलं का काल. ताई, एवढ्या पत्रात मला सगळ्यात आशा वाटली ती याच वाक्याची. ती मुलगी त्याला "नीट बोल" म्हणत नाही, नक्कल करत नाही, तिला खरंच खोकडाचं जाणून घ्यायचंय, आणि ती रोज विचारते, मान हलवण्याएवढंच उत्तर मिळूनही परत दुसऱ्या दिवशी विचारते. तिच्या आईला भेटा. रविवारी संध्याकाळी तिला माळावर पाठवाल का विचारा, तुम्ही बरोबर आहात म्हणा. मुलाला आधी विचारा बरं का, त्याची जागा आहे ती, त्याने हो म्हटलं पाहिजे. नाही म्हणाला तर दोन-तीन आठवडे थांबून परत विचारा. दोघं शेजारी बसून तिसरीकडेच बघत असतात तेव्हा बोलायचं दडपण फार कमी असतं, तोंडाकडे कुणी बघत नसतं ना. खोकड आलं नाही तरी टिटवी असेल, चंडोल असेल, मोज्यात घुसलेली कुसळं काढत बसतील, काहीतरी बोलणं होईलच.

पुढचं म्हणाल तर तुमच्याच तालुक्यात कडबनवाडीला आणि तिकडे बारामतीत शिरसुफळला वनविभागाने गवताळ माळरानाची सफारी सुरू केलीय, खोकड, लांडगे, चिंकारा बघायला लोक पुण्याहून येतात. परीक्षा झाल्यावर दोन्ही मुलांना एकदा घेऊन जा. ज्या माळाला गावात सगळे पडीक म्हणतात तो बघायला लोक लांबून येतात हे त्याला डोळ्यांनी दिसू दे. आणि भावालाही न्या बरोबर, त्याची गाडी आहे आणि त्याचा राग काळजीतून आलाय, त्याला या कामात घेतलंत तर कुत्री सोडायचा विषय आपोआप मागे पडेल. संध्याकाळी माळावर सोबत कोण जाणार हा प्रश्न तुमच्या घरात आहेच, आठवड्यातले दोन दिवस मामाचे ठरवून टाका.

डॉक्टर काय म्हणाले ते मला नक्की कळवा, लस लागली असेल तर २८ व्या दिवसापर्यंतच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा. आणि लेकाने परवानगी दिली तर त्याच्या वहीतलं एक पान पाठवा, नाव न घालता इथे छापेन.